वादळाचा इशारा आणि कारखान्याचा भोंगा

प्रश्न : पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अमेरिकेप्रमाणे टोर्नेडोचा इशारा देणारे भोंगे बसवावेत काय?

उत्तर : टोर्नेडो, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला वाऱ्याचा अतिवेगवान फिरता स्तंभ, हा या पट्ट्यातील नेहमीचा धोका नव्हे, येथे खरे भय वळवाच्या झंझावाताचे असून, गडगडाटी ढगातील पावसामुळे थंड व जड झालेली हवा वेगाने खाली येऊन जमिनीवर चहूकडे पसरल्याने तो एकाएकी सुटतो. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे अशाच वादळी पावसात महामार्गालगतचा लोखंडी जाहिरात फलक कोसळला आणि त्याच्या आडोशाला थांबलेल्यांपैकी पाच जणांचा मृत्यू झाला.

भारतीय हवामान विभाग रडार व उपग्रहांच्या आधारे पुढील सुमारे तीन तासांचा तात्कालिक अंदाज देतो, तर विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. म्हणजे उणीव इशाऱ्याची नसून तो यंत्रावर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगारापर्यंत वेळेत पोहोचण्याची आहे. त्यामुळे कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने तो अंदाज पाहून ध्वनिक्षेपकावरून जाहीर करणे, उघड्यावरील क्रेन थांबवणे आणि पाळी सुटत असल्यास कामगारांना पक्क्या इमारतीतच थांबवून धरणे अधिक उपयोगाचे ठरते.

भोंग्याबाबत मात्र सावधगिरी हवी, कारण आग वा वायुगळतीचा भोंगा वाजताच कामगार सरावाने मोकळ्या जागेकडे धावतात, आणि वादळात नेमके तेच प्राणघातक ठरू शकते.