खंडित हंगाम

इंग्लंडमध्ये मुलांच्या फुटबॉल क्लबांचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो व वसंतात संपतो. दहा वर्षांखालील मुले प्रत्येकी सात खेळाडूंच्या संघांतून 60 यार्ड लांबीच्या मैदानावर खेळतात. 2020 साली त्यापुढील वर्षी संघात नऊ खेळाडू येत, मैदान 80 यार्डांचे होई आणि ऑफसाइडचा नियम प्रथमच लागू होई.

26 मार्च 2020 रोजी फुटबॉल असोसिएशनने साथीमुळे हौशी क्लबांचा चालू हंगाम तेथेच संपविला. व्यावसायिकांची प्रीमियर लीग 17 जूनला रिकाम्या प्रेक्षागारात पुन्हा सुरू झाली. मुलांच्या साखळी सामन्यांना सप्टेंबरची वाट पाहावी लागली. तेही फार काळ टिकले नाहीत. नोव्हेंबरात चार आठवडे, आणि पुढे जानेवारीपासून 29 मार्च 2021 पर्यंत मैदाने पुन्हा बंद राहिली.

खरी अडचण होती ती वयाची. हंगाम थांबला तरी वय थांबत नाही, आणि गट तर वयावरूनच ठरतात. सातांच्या खेळाचे अखेरचे आठवडे गमावलेले मूल सप्टेंबरात मोठ्या मैदानावर उभे राहिले. ऑफसाइडची रेषा ओळखण्याचा सराव अंगवळणी पडण्यापूर्वीच तोही थांबला. तरी त्याच्यापुढे आणखी वर्षे होती. अठरा वर्षांखालील गटातील खेळाडूंना मात्र पुढचा हंगाम नव्हता. त्यांचा बालपणापासूनचा संघ शेवटचा सामना न खेळताच विखुरला, आणि त्यांपैकी ज्यांना खेळत राहावयाचे होते त्यांना प्रौढांच्या संघांत जागा शोधावी लागली.