मिथाइल अमीन : गुणधर्म, धोके आणि जोखमीची किंमत

कीटकनाशके, औषधे व विद्रावके यांच्या निर्मितीत अमीन वर्गातील रसायनांना महत्त्वाचे स्थान आहे. त्यांपैकी मिथाइल अमीन हे अत्यंत साधे संयुग होय. अमोनियाच्या रेणूतील हायड्रोजनच्या एका अणूची जागा मिथाइल गटाने घेतली, की ते तयार होते. मिथेनॉल व अमोनिया यांच्यापासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याचे उत्पादन केले जाते. महाराष्ट्रात सोलापूरजवळील तामलवाडी येथे अमीनांचे उत्पादन होत असल्याने हा विषय आपल्याला दूरचा नाही.

गुणधर्म आणि धोके

मिथाइल अमीन हा रंगहीन, माशासारख्या उग्र वासाचा वायू आहे. त्याचा उत्कलनबिंदू उणे ६ अंश सेल्सिअस असून तो पाण्यात सहज विरघळतो. बाजारात ४० टक्क्यांचे द्रावणही मिळते. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते २१ टक्के झाल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तो तीव्र अल्कधर्मी असल्याने डोळे, घसा व फुप्फुसे यांना इजा करतो. कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीतील मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत १० भाग अशी मानली जाते. तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूंना तो खात असल्याने पितळी झडपा येथे चालत नाहीत.

पद्धतीची निवड

मिथाइल अमीनची फॉस्जीनशी अभिक्रिया केली असता मिथाइल आयसोसायनेट हे कितीतरी अधिक घातक रसायन मिळते. भोपाळच्या कारखान्यात त्यापासून कार्बारिल हे कीटकनाशक तयार होत असे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री टाकीत पाणी शिरले. शीतकरण यंत्रणा बंद होती. सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडून हजारो नागरिक मृत्युमुखी पडले. वास्तविक, नॅप्थॉलची फॉस्जीनशी अभिक्रिया आधी घडवून नंतर मिथाइल अमीन वापरल्यास आयसोसायनेट न बनवताही कार्बारिल मिळते. म्हणजेच धोका केवळ रसायनात नव्हता. तो उत्पादनपद्धतीच्या निवडीत आणि साठ्याच्या आकारातही होता.

जबलपूरचे निर्णय

उत्पादकाच्या हिशेबात न येणारा, पण समाजाला सोसावा लागणारा खर्च म्हणजे बाह्य व्यय. तो कोणी भरावा, हा प्रश्न जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे आला. जिल्हा न्यायालयाने डिसेंबर १९८७ मध्ये ठरवलेली ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई न्यायमूर्ती सेठ यांनी एप्रिल १९८८ मध्ये २५० कोटींवर आणली. मात्र अंतिम निकालापूर्वीच दिलासा देण्याचे तत्त्व कायम ठेवले. त्यावरील अपिलात, फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. घातक पदार्थांच्या अपघातग्रस्तांना दोष सिद्ध न करता मदत मिळावी, यासाठी सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ मध्ये आला. कारखान्यातील विषारी कचरा मात्र तेथेच पडून होता. डिसेंबर २०२४ मध्ये याच उच्च न्यायालयाने तो चार आठवड्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि जून २०२५ अखेर पिथमपूर येथे सुमारे ३३७ टन कचऱ्याचे दहन पूर्ण झाले.

दुर्घटनेनंतरचा हा ४० वर्षांचा खर्च कीटकनाशकाच्या किमतीत कधीच धरलेला नव्हता. म्हणून रासायनिक प्रकल्पाला मंजुरी देताना गुंतवणूक व रोजगार यांबरोबरच तीन प्रश्न विचारले पाहिजेत : अधिक सुरक्षित पद्धत उपलब्ध आहे काय, साठा गरजेपुरताच आहे काय आणि वस्ती किती अंतरावर आहे? यांची उत्तरे आधी मिळवणे हे नंतरच्या भरपाईपेक्षा निश्चितच स्वस्त पडते.