नाव ‘प्रवरा’ ठेवावे का?

प्रश्न : आम्ही दोघे मित्र संगमनेरमध्ये दूध संकलन केंद्रे आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. ‘प्रवरा सॉफ्टवेअर’ या नावाने उद्यम नोंदणी झाली आहे. नाव सुरक्षित झाले, असे समजावे का? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : नाही. उद्यम नोंदणी, शॉप अ‍ॅक्ट आणि जीएसटी क्रमांक यांमुळे धंद्याची सरकारदरबारी नोंद होते. नावावर हक्क मिळत नाही. तो प्रत्यक्ष वापराने आणि व्यापारचिन्ह कायदा, १९९९ खालील नोंदणीने मिळतो. पुढे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढलीत आणि तिचे नाव मंजूर झाले, तरीही कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६ प्रमाणे आधीच्या नोंदणीकृत चिन्हाचा मालक तीन वर्षांच्या आत अर्ज करून ते बदलायला लावू शकतो. म्हणून नाव मंजूर होईल का, यापेक्षा ते पुढे राखता येईल का, हे आधी पाहावे. ‘प्रवरा सॉफ्टवेअर’ राखणे कठीण आहे. केवळ मालाचा प्रकार किंवा भौगोलिक मूळ सांगणाऱ्या शब्दांची नोंदणी व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ९ सहसा नाकारते. इथे एक शब्द नदीचा, दुसरा मालाचा. शिवाय लोणीच्या अनेक संस्थांच्या नावांत प्रवरा आहेच. तालुक्याच्या गावात ओळखीच्या नावावर गिऱ्हाईक विश्वास टाकते, हे अगदी खरे. पण उद्या बसस्थानकासमोर कोणी ‘प्रवरा इन्फोटेक’ उघडले, तर तुम्ही कमावलेला विश्वास त्यालाही आयता मिळेल. दीर्घ वापराने असे नावही वेगळी ओळख मिळवू शकते आणि कायदा ती मानतो, पण ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. नव्या धंद्याकडे तो पुरावा कुठून येणार?

मग आडनाव द्यावे, असे काहींना वाटते. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा त्याच कायद्याचे कलम ३५ देते. पण ‘किर्लोस्कर डिझेल रेकॉन’ प्रकरणात, जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीबाबत, मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या नावाला ही ढाल मिळू दिली नाही. मला हा विचार पटतो : माणसाला आडनाव जन्माने मिळते, कंपनी मात्र ते निवडते. याउलट घडवलेल्या शब्दाची ताकद सत्यम इन्फोवेच्या खटल्यात दिसली. ‘सिफी’ हा शब्द त्यांनी स्वतःच्या नावातून घडवला होता. ‘सिफीनेट’ हे मिळतेजुळते नाव वापरणाऱ्यांनी आपल्या पाच प्रवर्तकांची आद्याक्षरे जुळवून नाव केल्याचे सांगितले, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले.

तेव्हा दूध, सॉफ्टवेअर, गाव यांपैकी काहीच थेट न सांगणारा, छोटा, उच्चारायला सोपा शब्द घ्या. व्यापारचिन्हांच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ९ (सॉफ्टवेअर) आणि वर्ग ४२ (सॉफ्टवेअर सेवा) यांत तो शोधा. उच्चारसाधर्म्यही तपासा, कारण वेगळे स्पेलिंग असूनही सारखे ऐकू येणारे नाव अडते. राज्यात दुकाने-आस्थापनांची पाटी मराठीत देवनागरीतही लागते, म्हणून रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत वाचून पाहा. छोट्या धंद्याला हा खर्च कशाला, असे वाटेल. पण व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाचे सवलतीचे शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षे टिकते. तुमची उद्यम नोंदणी या सवलतीसाठी मात्र नक्की उपयोगी पडेल. नव्या नावाचे पहिले बिल जपून ठेवा. वाद झालाच, तर वापर कधी सुरू झाला हे त्यावरूनच दाखवता येईल.