पाण्याचा हिशेब : वस्तीतील पर्यावरण-शिक्षणाचे चार पाठ

पर्यावरण म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक खड्डा, एक रोप आणि रोपाभोवती उभे राहिलेले पाहुणे येतात. ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन. १९७२ साली याच दिवशी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरील परिषद सुरू झाली, म्हणून हा दिवस निवडला गेला. परंतु आपल्या मराठवाड्यात ५ जूनला शाळांना उन्हाळी सुटी असते, जमीन तापलेली असते आणि मृगाचा पाऊस अजून यायचा असतो. त्या दिवशी लावलेले रोप पुढच्या होळीपर्यंत जगले का, हे पाहायला सहसा कोणी जात नाही. आम्हीही अशी रोपे लावली आहेत आणि त्यातली बहुतेक वाळलेली पाहिली आहेत. खड्डे खणणाऱ्यांची यादी आमच्याकडे होती, पाणी घालणाऱ्यांची नव्हती. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचाच आहे. त्यातूनच प्रस्तुत लेखाचा विचार सुरू झाला.

शाळेत पर्यावरण शिकवले जात नाही असे नाही. १९७७ च्या तिबिलिसी परिषदेने पर्यावरण-शिक्षण हे शाळेच्या भिंतीपुरते नसून सर्व वयांच्या लोकांसाठी असावे असे सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना शिक्षणात या विषयाला स्थान देण्याचे निर्देश दिले. पुस्तकात ‘परिसर अभ्यास’ आहे, जलचक्राचे चित्र आहे. आमची मुले ढग, पाऊस, नदी आणि समुद्र यांना बाण काढून जोडतात व पैकीच्या पैकी गुण घेतात. मात्र “आपल्या वस्तीच्या आडात आज किती हात पाणी आहे?” असे विचारले तर वर्गात शांतता पसरते. ज्या आजीने आयुष्यभर त्या आडाचे पाणी शेंदले, तिला उत्तर ठाऊक असते. पण तिला कोणी विचारत नाही. पुस्तकातील परिसर आणि पायाखालचा परिसर यांची गाठ घालून देणे, हेच वस्तीतील शिक्षणाचे काम आहे असे आम्हांस वाटते.

मंठा परिसराच्या दृष्टीने हा प्रश्न पाण्यापासून सुरू होतो. जालना जिल्ह्याचा पाऊस वर्षाकाठी साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर धरला जातो, पण तो दरवर्षी सारखा नसतो. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि गावोगाव टँकरची वाट पाहावी लागली. जिल्ह्यात पूर्णा आहे, दुधनाही आहे. तरी नदीपासून दूरच्या वस्तीची तहान विहिरीवर आणि हापशावरच भागते.

आपल्या पायाखाली लाव्हारसापासून झालेला काळा पाषाण आहे. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत राहते. म्हणून आपला भूगर्भातील साठा लहान आहे. तो पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यात उतरतो. एखाद्याने खोल बोअर घेतला की नवे पाणी जन्माला येत नाही. पुष्कळदा शेजारच्या विहिरीला मिळणारे, त्याच भेगेतले पाणी वर येते. ही एक गोष्ट मुलाला व त्याच्या बापाला एकाच वेळी समजली, तर पर्यावरणाचा निम्मा अभ्यासक्रम पूर्ण झाला असे म्हणावे.

या दृष्टीने वस्तीतील विहारात, समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओट्यावर घेता येतील असे चार पाठ आम्ही येथे मांडत आहोत. त्यांना खर्च जवळजवळ नाही. एक वही, एक दोर, एक पट्टी आणि सरळ बाजूंचा एक डबा पुरतो.

पाठ पहिला : पाऊस मोजणे. डबा झाडापासून व छपरापासून दूर, उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजून आकडा वहीत लिहावा आणि डबा रिकामा करावा. हवामान खातेही याच वेळेला पाऊस मोजते. मुलांना एवढेच पाठ असावे की एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. ३० चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर घ्या. वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर १८,००० लिटर पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी १४,४०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे ९६० हंडे उरतात. हे गणित फळ्यावर सुटते तेव्हा मुले वर पत्र्याकडे पाहतात. एवढे पाणी साठवायला टाकी कोठून आणावी, हा पुढचा प्रश्न ती स्वतःच विचारतात, आणि तो विचारला जावा हाच या पाठाचा हेतू आहे.

पाठ दुसरा : विहीर मोजणे. दोराला हातभर अंतरावर गाठी माराव्यात, टोकाला दगड बांधावा आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली सार्वजनिक विहिरीतील पाण्याची पातळी पाहावी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. आपणही निदान तेच चार महिने पाळावेत. आकडे वहीत न ठेवता भिंतीवर रंगाने लिहावेत. दोन-तीन वर्षांत भिंत बोलू लागते. पाऊस तेवढाच पडला आणि पाणी मात्र आधीच खाली गेले, तर उपसा वाढला हे सांगायला बाहेरून तज्ज्ञ आणावा लागत नाही.

पाठ तिसरा : हंडे मोजणे. प्रत्येक मुलाने घरी विचारून लिहावे की आज किती हंडे पाणी आले, कोठून आले, कोणी आणले आणि त्याला किती वेळ लागला. या चौथ्या रकान्यात आईचे आणि बहिणीचे तास प्रथमच कागदावर येतात. पाणी आणण्यापायी कोणत्या मुलीची शाळा बुडते हेही त्यात दिसते. ज्या घरातील पुरुष सभेत पाण्यावर भाषण करतो, त्या घरचा हंडा कोणाच्या डोक्यावर आहे हे त्याच्याच मुलाने लिहून आणावे, यापरते मोठे प्रबोधन नाही.

पाठ चौथा : सांडपाणी आणि झाड. आमची वाळलेली रोपे या पाठात परत येतात. रोप मैदानात लावण्याऐवजी मोरीच्या उताराला, एका घराच्या नावाने आणि पाऊस चांगला लागल्यावर लावावे. कडुलिंब, चिंच, शेवगा, जांभूळ ही आपल्या मातीची झाडे घ्यावीत. वहीत लावणाऱ्याचे नव्हे, तर जगवणाऱ्याचे नाव लिहावे. उरलेल्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली. त्यामुळे डासांचा त्रास हटला, आणि तेच काम पुढे अनेक गावांनी उचलले.

हे पाठ केवळ मुलांचे खेळ आहेत, असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील कडवंचीकडे पाहावे. जालना तालुक्यातील या गावात विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम केले. माथ्यावर चर आणि शेतावर बांध झाले, श्रमदान झाले. काम यंत्राने उरकून कोणी निघून गेले नाही. गावकरी शिकत गेले आणि करत गेले. पुढे तेथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि २०१२ च्या दुष्काळातही गाव तग धरून राहिले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने आणखी पुढचे पाऊल टाकले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि उसासारख्या तहानलेल्या पिकावर गावानेच बंधन घातले. पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवण्याची आणि त्यावरून पिके ठरवण्याची रीत तेथे रुजली. आमचा डबा आणि आमचा दोर याच रीतीची पहिली पायरी आहे.

परंतु येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळला तर हे सर्व शिक्षण लटके ठरेल. पाणी अडवले, जिरवले, विहिरींना चढले. पण ज्याला विहीर नाही आणि शेतही नाही, त्याच्या वाट्याला काय? आपल्या वस्तीतील कितीतरी कुटुंबे आजही दुसऱ्याच्या बांधावर राबतात. श्रमदानात त्यांचे हात असतात, पाण्यात वाटा नसतो. शेततळ्यात वाहून जाणारे पावसाचे पाणी साठवले तर ती साठवण होय. तेच तळे विहीर व बोअर उपसून भरले, तर जमिनीखालचे सामायिक पाणी एकाच्या नावावर जमा होते. याला उत्तर नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाणी जमिनीच्या आकारावर न वाटता घरातील माणसांच्या संख्येवर वाटले. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी, असा नियम होता. उसाला मनाई होती, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मानला होता.

आमच्या समाजाला हा विचार नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे हे त्यांनी कृतीने शिकवले. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि घाट यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई झाली. १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१क ने नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. हे दोन अनुच्छेद एकत्र वाचावेत असे आमचे सांगणे आहे. पहिल्याने हक्क दिला, दुसऱ्याने राखण सोपवली. हक्काशिवाय राखण सांगणे म्हणजे वेठ होय, आणि राखणीशिवाय हक्क मागणे म्हणजे कोरड्या विहिरीवर हक्क सांगणे होय.

गायरानाचेही तसेच आहे. भूमिहीनांनी सत्याग्रह करून, तुरुंग भोगून कसायला घेतलेल्या जमिनी आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी घेतला, तरी सातबारावर नाव लागण्यासाठी अनेकांना खेटे घालावे लागले. अशा जमिनीवर झाडे लावायची म्हणून कसणाऱ्याला उठवणे, हे पर्यावरण-रक्षण नव्हे. झाड त्याच्याच बांधावर, त्याच्याच नावाने लावले तर तो ते लेकरासारखे जपेल.

म्हणून आमच्या चार पाठांना एक शेवट हवा, आणि तो वर्गात नाही, सभेत आहे. कायद्याप्रमाणे ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. हंड्यांची वही त्या सभेत आमच्या भगिनींनी वाचावी. पावसाचे व विहिरीचे आकडे ग्रामसभेत मुलांनी वाचावेत. मंठा शहरात नगरपंचायत आहे. तेथे प्रभागाच्या नगरसेवकापुढे तीच वही ठेवावी. तक्रार करणाऱ्याला परत पाठवता येते. चार वर्षांचे आकडे घेऊन आलेल्याला परत पाठवणे कठीण जाते.

या स्मरणिकेच्या वाचकांस आमची विनंती लहान आहे. येत्या मृगापूर्वी आपापल्या वस्तीत एक डबा, एक दोर आणि एक वही यांची सोय करावी, आणि ती सांभाळायला दोन मुली व दोन मुले नेमावीत. रोपे त्यानंतर लावू. तोवर त्यांना पाणी कोण घालणार, हे वहीत लिहिलेले असेल.