टाकीतले विरजण

कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की सकाळी दही तयार. दूध कढत असले तर दही लागत नाही. थंडीत भांडे उबेला ठेवावे लागते. असे का? विरजणात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांना जिवाणू म्हणतात. त्यांना खायला हवे, ऊब हवी. हे सारे आयाबायांना न शिकवता ठाऊक आहे.

आता अशाच जीवांकडून हजारो लिटरच्या टाकीत काम करून घ्यायचे, तर कसे? ते शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञांची ओळख आम्ही या पाठात करून देणार आहोत.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एक बुरशी सापडली. तिच्याभोवतीचे रोगजंतू मरत होते. तिच्यातल्या औषधाला पेनिसिलिन नाव पडले. पण बुरशी औषध देई ते अगदी थोडे. १९४१ साली ऑक्सफर्डच्या इस्पितळात एका पोलीस शिपायाला ते टोचले. माणूस सुधारू लागला. मग औषधच संपले. त्याच्या लघवीतून गाळून काढून पुन्हा टोचले, तेही पुरले नाही. शिपाई दगावला. औषध माहीत होते हो, पण पुरेसे करता येत नव्हते!

पुढे अमेरिकेत पेओरिया गावी मार्ग निघाला. मक्याचे पीठ काढताना उरणारे पाणी बुरशीला मानवले. एका खरबुजावरची बुरशी तर पहिलीपेक्षा कितीतरी जास्त औषध देऊ लागली. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९५५ साली तिथे पेनिसिलिन होऊ लागले.

टाकी म्हणजे मोठा रांजण नव्हे, बरं का. वाढताना बुरशी स्वतःच तापते, म्हणून टाकी गार ठेवावी लागते. तिला हवा लागते, म्हणून खालून हवा सोडून सतत घुसळावे लागते. घुसळले की फेस येतो. हवेतून एखादा परका जंतू शिरला तर सगळा घाणा नासतो. म्हणून टाकी आधी वाफेने शुद्ध करतात, हवाही गाळून घेतात. शास्त्रज्ञ आधी लहान चंबूत, मग लहान टाकीत, मग मोठ्या टाकीत करून पाहतो. चंबूत जमले ते टाकीत जमेलच असे नाही. रात्रीसुद्धा नमुना काढून तपासावा लागतो. आमच्या मते यात हुशारीपेक्षा चिकाटी अधिक लागते.

हे काम लांबचे समजू नका. आपल्या परभणीला १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. तिथे जिवाणू खते तयार होतात. रायझोबियम हा जिवाणू हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवर गाठी करतो आणि हवेतला नत्र पिकाला देतो. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा. पाकीट घेताना पिकाचे नाव वाचा.

भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा सरकारी नियम आहे. पण मेलेली भुकटी आणि जिवंत भुकटी दिसायला सारखीच! पाकीट उन्हात राहिले की जिवाणू मरतात. म्हणून ते सावलीत ठेवावे. वापरायची शेवटची तारीख पाहावी. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी चोळावी. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावावे, जिवाणू शेवटी. बियाणे सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे.