शांतता पडेल तिथं हात वर कर

अगं, परवा फोनवर तू सांगितलंस, हिरवा टी-शर्ट घातलेला एक मुलगा काउंटरवर पत्र ठेवून गेला, तोंडातून त्याच्या शब्द फुटला नाही, आणि पत्रात डुकरासोबतचा त्याचा फोटो आणि काउंटी फेअरच्या लिलावाला या, असं बोलावणं. याचं काय करायचं, असं तू विचारलंस. आधी ते पत्र जपून ठेव. आयोवातल्या त्या गावात तुम्ही मोटेल आणि त्याला लागून असलेलं रेस्टॉरंट घेतलंत, त्याला अजून वर्षही झालं नाही. गावानं तुमच्याकडं मागायला सुरुवात केली, म्हणजे तुम्हाला गावातलं धरलं. मी असल्याच एका गावात ३१ वर्षं औषधांचं दुकान चालवलं आणि दर जुलैला काउंटी फेअरच्या जनावर-लिलावात बसलो. फोनवर सांगण्याएवढं ते थोडं नाही, म्हणून लिहितो.

तो मुलगा फोर-एच या मुलांच्या संघटनेचा. शर्टावर चार पानांचं क्लोव्हर असेल बघ, प्रत्येक पानावर एक एच. हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ. १९०२ साली ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा अधीक्षकांनी खेड्यातल्या मुलांचा मंडळवजा गट जमवला, तिथून याची सुरुवात मानतात. आपल्या आयोवाचाही त्यात मोठा वाटा आहे. पेज काउंटीतल्या जेसी फील्ड या शिक्षिकेनं मुलांसाठी क्लोव्हरची पिन काढली. १९१४ च्या कायद्यानं हे काम कृषी विद्यापीठांच्या विस्तारसेवेशी जोडलं गेलं. म्हणून तुमच्या गावचं एक्स्टेन्शन ऑफिस आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचं आहे. निळं कॉर्डरॉय जाकीट घातलेली मुलं दिसतील ती एफ.एफ.ए.ची. ती संघटना १९२८ची, शाळेतल्या शेतीच्या वर्गाशी बांधलेली. लिलावात दोन्हीकडची मुलं आपण वाढवलेली जनावरं विकायला येतात.

आता त्या मुलाला परत बोलाव. पत्रात नंबर असेल. आला की खुर्ची दे, लिंबूसरबत दे आणि जनावराबद्दल विचार. डुकराचं नाव काय, घरी आणलं तेव्हा वजन किती होतं, आता रोज किती वाढतंय. चांगलं डुक्कर दिवसाला दोन पौंडांच्या आसपास वाढतं आणि एक पौंड वाढायला साधारण तीन पौंड खाद्य खातं. हा हिशेब त्या पोराला तोंडपाठ असतो, कारण फोर-एचच्या वहीत त्याला तो लिहावाच लागतो. मी औषधवाला, म्हणून मी नेहमी विचारायचो, की जनावराला इंजेक्शन दिलं तर कापायला नेण्याआधी किती दिवस थांबायचं? दहा-अकरा वर्षांची मुलं औषधाच्या लेबलवरचे दिवस बरोबर सांगायची. मोठी माणसं माझ्याकडून अँटिबायोटिक नेताना एवढं लक्ष देत नसत. दोन मिनिटांपूर्वी जमिनीकडं बघणारं पोर जनावराचं बोलायला लागलं की मान वर करतं. ती दहा मिनिटं लिलावातल्या पैशांपेक्षा कमी मोलाची नाहीत, हे माझं पक्कं मत आहे.

लिलावाचा दिवस. जाण्याआधी एक्स्टेन्शन ऑफिसमधून दोन कागद आण. एक खरेदीदाराचा नंबर, दुसरा विक्रीचा क्रम. आणि नियम विचारून घे, कारण ते काउंटीगणिक वेगळे असतात. हे मी न विचारता गेलो होतो. पहिलंच वर्ष. लिलाव पुकारणारा इतक्या वेगानं बोलत होता की मला आकडा सोडून काही कळेना. ‘साडेतीन’ ऐकलं, वाटलं साडेतीनशे डॉलरला डुक्कर, आणि हात वर केला. भाव पौंडाचा होता. डुक्कर २६८ पौंडांचं. ९३८ डॉलर झाले. त्या महिन्यात दुकानाच्या फ्रिजचा हप्ताही होता, घशाला कोरड पडली माझ्या. मग टेबलावरच्या बाईंनी समजावलं, की आमच्याकडं प्रीमियम विक्री असते. म्हणजे जनावर त्या दिवसाच्या बाजारभावानं मांस कंपनीला जातंच, खरेदीदारानं भरायचा तो वरचा फरक. त्या दिवशी भाव पौंडाला ६५ सेंट होता, म्हणजे १७४ डॉलर कंपनीचे आणि ७६४च्या आत-बाहेर माझे. काही काउंट्यांत मात्र जनावर खरोखर विकत घ्यावं लागतं. काही जनावरांचा भाव पौंडावर, काहींचा डोक्यावर, सशांचा तिनाच्या संचावर. बोली लावण्याआधी हे तीन प्रश्न विचार: पौंड की डोकं, फरक की पूर्ण, आणि मांस कोण नेणार.

मांसाचं तुझ्यासाठी वेगळं लिहितो, कारण रेस्टॉरंट आहे. पूर्ण जनावर घेतलंस आणि गावच्या खाटकाकडं कापायला दिलंस, तर बहुतेक ते ‘कस्टम’ कापणं असेल. त्या प्रत्येक पुडक्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का येतो. ते मांस घरात खायचं, पाहुण्यांना घालायचं, कामावरच्या लोकांना वाटायचं. गिऱ्हाइकाच्या ताटात एक तुकडाही जाता कामा नये. रेस्टॉरंटला चालेल ते सरकारी तपासणी झालेल्या कारखान्यातूनच. अन्नपेढीला द्यायचं मनात असेल तरी आधी त्यांना हे विचार. आणि फ्रीझर मोज. २६८ पौंडांच्या डुकराचं १३०-१४० पौंड मांस हाती येतं, ८० पौंडांच्या बोकडाचा सांगाडाच ४० पौंडांच्या आसपास भरतो. आमच्याकडं बोकडावर बोली थंडच असायची. शेजाऱ्यांना बोकडाचं काय करायचं ते कळत नसे. तुला कळतं, तुझ्या आईच्या हातचा रस्सा त्या गावानं खाल्लेला नाही अजून.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते. पहिल्या दोन वर्षी मी अव्वल ठरलेल्या जनावरांवर बोली लावली. पेपरात फोटो येतो, दुकानाचं नाव येतं. पण तिथं बँक असते, ट्रॅक्टरवाला असतो, धान्य कोठाराची सहकारी संस्था असते, मुलाचे आजोबा, काका असतात. माझ्यावाचून तिथं कुणाचं काही अडत नव्हतं. तिसऱ्या वर्षी दुकानात कुणी आजारी म्हणून मला उशीर झाला आणि मी लिलावाच्या शेवटाला पोचलो. जेवणाची टेबलं उठली होती, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. एक मुलगी तीन ससे घेऊन उभी होती. पुकारणाऱ्यानं आकडा सांगितला आणि कुणी हललं नाही. त्यानं आकडा उतरवला. पुन्हा शांतता. ती मुलगी सशांच्या कानांवरून हात फिरवत राहिली, वर बघेना. तिचे आई-वडील मांस कारखान्यात रात्रपाळीला, नुकते दुसऱ्या देशातून आलेले. त्यांच्या ओळखीचा एकही दुकानदार तिथं नव्हता. बोली लागते ती ओळखीवर, हे मला त्या दिवशी समजलं. ज्याच्या बापाचं बँकेत खातं मोठं, त्याच्या डुकराला भाव मोठा. मी हात वर केला, मग मागून न्हाव्यानं केला, मग मी. ससे गेले बऱ्या भावानं. त्या वर्षापासून मी पैसे तीन भागांत वाटायला लागलो आणि एक भाग शेवटच्या पाव यादीसाठी राखून ठेवला. तूही ठेव. बाकी सगळे उठले तरी तू बस. शांतता पडेल तिथं हात वर कर, आणि पहिली बोली लाजिरवाणी कमी लावू नकोस. पोराच्या कानावर ती सगळ्यात आधी पडते.

एकटीला झेपत नसेल तर जोडीनं घे. आम्ही चौघं होतो: न्हावी, फुलवाली, टायरवाला आणि मी. प्रत्येकी पन्नास, कधी शंभर. पुकारणारा चारही नावं वाचतो. यादी आली की आम्ही कॉफीला बसायचो आणि कोणत्या मुलाला खरेदीदार नाही ते बघायचो. ते ऑफिसमध्ये विचारू नकोस, त्यांना सांगणं बरं दिसत नाही. पशुखाद्याच्या दुकानात विचार. कुणाचं पोर उधारीवर पोतं नेतंय, हे त्या दुकानदाराला ठाऊक असतं. मात्र ठरवायचं ते कुणाला हात द्यायचा एवढंच. भाव पाडायचं बोलणं त्या टेबलावर कुणी काढलं तर उठून जा.

गाई-गोऱ्ह्यांचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मनात असेल. ज्या घरात बेंदराला बैलांच्या पाया पडलो त्या घरातले आपण. इथं बाराशे-चौदाशे पौंडांचा खच्ची केलेला गोऱ्हा रिंगणात येतो तेव्हा मी आजही हात वर करत नाही. पण त्याच्यामागं उभ्या पोरानं हिवाळ्यात पहाटे पाचला पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडलेला असतो. त्यासाठी ‘ॲड-ऑन’ असतं: जनावर दुसऱ्यानं घेतलं तरी त्या मुलाच्या नावावर तू वरून रक्कम लिहू शकतेस. पंचवीस डॉलरही चालतात. मी ते दर वर्षी केलं आणि कधी कुणाला कारण सांगावं लागलं नाही.

पैसे त्याच दिवशी चुकते कर. आमच्या काउंटीत मुलानं आभाराचं पत्र दिल्याशिवाय त्याला चेक मिळत नसे, आणि खरेदीदारानंच पैसे थकवले तर पोरानं थांबायचं किती? करात हे कुठं बसतं ते आधीच सी.पी.ए.ला विचार. मुलाला दिलेली रक्कम आपोआप धर्मादाय देणगी होत नाही, बहुतेक वेळा जाहिरातीच्या खर्चाचा विचार होतो, पण कागद बघून त्यांनीच सांगावं. बोलीनंतर फोटोला बोलावतील. मुलाला पुढं उभं राहू दे, तू बाजूला. तो फोटो वर्षभर गल्ल्यामागं लाव. मुलं येऊन बघतात, आपला आहे का म्हणून. आभाराचं पत्र आलं की दोन ओळींचं उत्तर धाड. ते मात्र फार थोडे लोक करतात.

आणि शेवटी जनावरं न्यायला आलेल्या ट्रकपाशी जा. लोक तिथं जात नाहीत, मी जायचो. तुझ्या आईला विचार, आम्ही लहान असताना खरसुंडीच्या जत्रेत आमच्या आबांनी खिलार बैलांची जोडी विकली होती. रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव. मी दहा वर्षांचा. भाव काय ठरला ते मला दिसलं नाही, आबांचा चेहरा तेवढा दिसला. जोडी निघाली तेव्हा आबांनी दोन्ही कासरे सोडून घेतले आणि खांद्यावर टाकले. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत आणि कासरे कित्येक वर्षं गोठ्यात खुंटीला होते.

इथं भाव उघड, सगळ्यांच्या देखत. पण ट्रकचं दार लागल्यावर पोर बाहेर येतं, तेव्हा त्याच्या हातात रिकामा हॉल्टर, म्हणजे आपली म्होरकी, असतो. तेव्हा ‘पुढच्या वर्षी दुसरं आण’ असं म्हणू नकोस, ‘रडायचं नाही’ तर मुळीच नाही. पाण्याची थंड बाटली दे, आणि खुर्ची देऊन विचारलं होतंस ना, ते जनावराचं नाव घे. ‘मोठा झाला होता गं तुझा पिंटो’, एवढंच मी एकीला म्हणालो होतो. ती माझ्याशेजारी ट्रकच्या पायरीवर बराच वेळ बसली. ऑक्टोबरात ती दुकानात आली, औषध काही न्यायचं नव्हतं. नवं वासरू घेतलं होतं, त्याचं नाव सांगायला आली होती.