रेड वाइन आणि रक्तवाहिन्या

प्रश्न : वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. रोज थोडी रेड वाइन घेतली तर त्यातल्या अँटिऑक्सिडंटमुळे रक्तवाहिन्या चांगल्या राहतात, असं त्यांचे मित्र सांगतात. यात कितपत तथ्य आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडं तथ्य आहे, पण त्याचं श्रेय द्राक्षाच्या साली-बियांना द्यायला हवं. रेड वाइनसाठी काळी द्राक्षं साली-बियांसकट आंबवतात, त्यामुळे त्यांतली पॉलिफेनॉल द्रव्यं वाइनमध्ये उतरतात. रक्तवाहिनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्यामुळे वाहिनी सैल होते. ही पॉलिफेनॉल या अस्तराला मदत करतात.

मग ती दारूतूनच घ्यायला हवीत का? बार्सिलोनातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. हृदयविकाराचा धोका असलेल्या ६७ पुरुषांना त्यांनी चार-चार आठवडे आळीपाळीने रेड वाइन, अल्कोहोल काढून टाकलेली तीच वाइन आणि जिन दिली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अल्कोहोलविरहित वाइनने रक्तातलं नायट्रिक ऑक्साइड वाढलं आणि वरचा रक्तदाब सरासरी सहा अंकांनी उतरला. साध्या वाइनने म्हणावा असा फरक पडला नाही, जिनने तर काहीच नाही. म्हणजे सालीने दिलेलं अल्कोहोलने खाऊन टाकलं. प्रयोग लहान आहे, तरी मला तो फार मोलाचा वाटतो.

या पॉलिफेनॉलपैकीच एक असलेल्या रेस्व्हेरॅट्रॉलचा गवगवा बराच झाला. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचे जे डोस दिले, तेवढे माणसाने वाइनमधून घ्यायचे तर रोज शेकडो बाटल्या लागतील. इटलीच्या कियांती भागातल्या ७८३ ज्येष्ठांच्या अभ्यासातही लघवीत त्याचे अंश जास्त सापडलेल्यांचं आयुष्य अधिक किंवा हृदयविकार कमी, असं काही दिसलं नाही.

उलट नियमित मद्यपानाने रक्तदाब वाढतो, कर्करोगाचा धोकाही वाढतो. तेव्हा वडील आज घेत नसतील, तर औषध म्हणून मुळीच सुरू करू नयेत. नाशिककरांना काळ्या द्राक्षांची काय वाण! हंगामात शरद सीडलेस नीट धुऊन, सालीसकट खाऊ द्या; मधुमेह असेल तर बेतानेच. आणि रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू देऊ नका.